शेर-पायलीपासून किलो-लिटरपर्यंत

पाचवी-सहावीच्या मुलांना गणितात मापांच्या रूपांतराचा भाग असतो. इतके किलोचे ग्रॅम किती, इतक्या मिलिलिटरचे लिटर किती, अशी ती उदाहरणे. हा भाग सुरू झाला की घरोघरी आयांच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्या मंडळाच्या दुपारच्या वर्गाला वाड्यातली व शेजारची आठ-दहा मुले येतात, त्यांना मी हिशेब शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले, तेव्हा या लेखात कोणी पांडित्य शोधू नये. परंतु ही मापे आपल्याकडे आली कशी, त्यापूर्वी काय होते आणि बदलताना घरातल्या बाईमाणसांना काय काय सोसावे लागले, ही हकीकत भगिनींनी ऐकण्यासारखी आहे. त्यातली बरीचशी आमच्या सासूबाईंच्या तोंडची आहे. त्या आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. नाणी बदलली तेव्हा त्या सदाशिव पेठेत महापालिकेच्या शाळेत चौथीत होत्या. म्हणजे अर्धे गणित जुन्या मापांत आणि अर्धे नव्या मापांत शिकलेली ही पिढी.

आपला अंक मोजण्याचा रिवाज पहिल्यापासून दहाचा. एकं, दहं, शतं, सहस्र हे आपल्याकडे शेकडो वर्षांपासून चालत आलेले आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त अगदी परार्धापर्यंत दहा-दहा पटींची नावे दिलेली आहेत. हे भास्कराचार्य म्हणजे आपल्याच मुलखाशी नाते असलेले. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. पण त्याच 'लीलावती'च्या आरंभी मापांची कोष्टके आहेत, ती पाहावीत. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. लांबीला आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात. म्हणजे आकडे दहाचे आणि मापे चार, आठ, सोळा, चोवीस यांची! ही फारकत एकोणीसशे पन्नास-साठपर्यंत आपल्या घरात नांदत होती.

असे का असावे, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, तराजूच्या दोन पारड्यांत हे उत्तर आहे. हाताशी एकच वजन असले तर दाण्याचे दोन सारखे भाग सहज करता येतात. अर्ध्याचे अर्धे, त्याचेही अर्धे, असे कोणत्याही बाईला डोळ्यांनी साधते. दहा सारखे भाग मात्र कोणी करून दाखवावेत! म्हणून शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर, पावशेराचा नवटाक. धान्याच्या मापांत तर ही दुप्पट-निमपट फार सुरेख बसवलेली होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. सोन्याला आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै.

हे सारे तोंडाने हिशेब करायचे तर नुसते बेचे पाढे पुरत नसत. म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन आणे वाराचे कापड बारा वार घेतले तर औट बारा बेचाळीस, बेचाळीस आणे म्हणजे दोन रुपये दहा आणे. दुकानदाराने कागद घेण्याच्या आत सासूबाईंच्या आई उत्तर सांगून मोकळ्या होत असत. त्यांना अक्षरओळख बेताची होती, परंतु औटकी पाठ होती.

तरी त्या जुन्या व्यवस्थेचे नुसते गोडवे गाऊ नयेत. तिच्यात मोठे वैगुण्य होते. शेर म्हटला तरी कोठला शेर, हा प्रश्न असे. पक्का शेर निराळा, कच्चा निराळा. मुंबईचा एक, बंगालचा दुसरा. मण तर गावागणिक बदले. कोठे सोळा पायल्यांचा, कोठे बारांचा. १९३९ साली इंग्रज सरकारने कायदा करून ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण ठरवला, पण तो कागदावरच अधिक राहिला. पायलीने मापताना आणखी एक खुबी असे. माप शिगोशीग भरायचे की सपाट, हलवून भरायचे की अलगद, यातही दाण्यांचा फरक पडतो. विकत घेणारा आणि विकणारा दोघेही शहाणे असतील तर ठीक. एक जण अडलेला असला म्हणजे माप कोणाच्या बाजूने भरले जाई, ते सांगायला नको.

दशमान मापांचे माहेर फ्रान्स. तेथेही आपल्यासारखाच गोंधळ होता, गावोगावची मापे वेगळी. राज्यक्रांतीनंतर तेथील विद्वानांनी ठरवले की माप कोणा राजाच्या हातापायावरून घ्यायचे नाही, ते पृथ्वीवरूनच घ्यायचे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत पॅरिसवरून जाणारी जी रेषा, तिचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. त्यासाठी देलांब्र आणि मेशँ या दोघा शास्त्रज्ञांनी १७९२ पासून १७९८ पर्यंत डंकर्क ते बार्सिलोना असे अंतर मोजत काढले. १७९५ साली कायदाही झाला. परंतु लोकांनी काही तो मनापासून घेतला नाही. १८१२ मध्ये नेपोलियनला बाजारात जुन्या नावांची मापे परत येऊ द्यावी लागली, आणि १८४० पासून दशमान मापे पुन्हा सक्तीची झाली. म्हणजे खुद्द फ्रान्सला पंचेचाळीस वर्षे लागली. हे वाचल्यापासून आपल्या देशाने केलेल्या कामाचे मला अधिकच कौतुक वाटते.

आपल्याकडे १९५५ साली नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. जुना पैसा रुपयाला ६४ होता, त्याच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून 'नया' शब्द. पुढे १ जून १९६४ पासून 'नया' गळाला आणि नुसता पैसा राहिला. टपालाची तिकिटेही त्याच दिवसापासून नव्या पैशांत निघाली, त्यांवर हिंदुस्थानचा नकाशा होता. सासूबाईंनी तसली दोन तिकिटे अजून जपून ठेवली आहेत.

चवल्या-पावल्यांचे दिवस एका रात्रीत संपले नाहीत. काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात चालत होती. चार आण्यांचे बरोबर २५ आणि आठ आण्यांचे ५० नये पैसे, त्यांत काही अडत नसे. खरी अडचण एक-दोन आण्यांची. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, आणि पाव पैसा कोणी कोणाला द्यायचा? सरकारने नियम केला की अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, अर्ध्याहून अधिक असेल तर पुरा पैसा धरायचा. म्हणून १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९ आणि ४ आण्यांचे २५. तशी कोष्टकेही छापली गेली. आता गंमत पाहा. आण्याची एक याप्रमाणे मेथीच्या तीन जुड्या एकदम घेतल्या तर १९ नये पैसे, आणि तीन वेळा जाऊन एकेक घेतली तर १८! सासूबाईंच्या आई त्यांना मुद्दाम दोनदा मंडईत पाठवीत असत, असे त्या हसत हसत सांगतात. वाचलेला एक पैसा मात्र चौथीतल्या मुलीच्या पायांनी मिळवलेला, याचा हिशेब कोष्टकात नव्हता.

वजनांचे काम त्याहून अवघड होते. डिसेंबर १९५६ मध्ये संसदेने मापांचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशाच्या काही निवडक भागांत किलोग्रॅमची वजने सुरू झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती साऱ्या देशात सक्तीची झाली. लांबीची आणि लिटरची मापे त्याच्या मागोमाग आली. मधल्या काळात आपल्या पुण्यावर आणि राज्यावर काय काय गुजरले ते आठवावे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. सासूबाईंच्या मामांचे घर त्यात गेले. घरातली पितळी मापे वाहून गेली ती गेलीच. संसार नव्याने मांडताना त्यांनी घेतले ते लिटरचे माप. अशा रीतीनेही काही घरांत दशमान पद्धत शिरली.

आता स्त्रियांच्या दृष्टीने मुख्य गोष्ट. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. म्हणून किलो हा शेराहून थोडा मोठा, जवळजवळ ८६ तोळ्यांचा. शेराला रुपया भाव असेल तर किलोला १ रुपया ७ पैसे व्हायला हवेत. पण 'माप मोठे झाले, भाव वाढला' म्हणून एखाद्याने १ रुपया १२ पैसे सांगितले, तर किती जणींना ते पाच पैसे पकडता येणार? घरात येणारा पगार तेवढाच आणि मागच्या महिन्याच्या हिशेबाशी या महिन्याचा ताळा जुळेना. शेरभर डाळीला किती माणसे जेवतात हे हाताला ठाऊक होते, किलोभर डाळीला किती, हे हाताला नव्याने शिकवावे लागले. सासूबाईंच्या आईंनी त्यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी आपले जुने मापटे घेतले आणि नव्या वजनाने तोललेला तांदूळ, ज्वारी, हरभऱ्याची डाळ असे एकेक त्यात ओतून पाहिले. किलोत किती मापटी बसतात, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवले. दर धान्याच्या रेघा निराळ्या. कारण माप आकार मोजते आणि तराजू वजन मोजतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

नवी मापे आली, पण जुनी नावे काही गेली नाहीत. आपण अजून 'चार आण्याची अक्कल नाही' म्हणतो. चार आण्यांचे नाणे मात्र ३० जून २०११ नंतर चलनातूनही गेले. नऊवारी साडी अजून नऊवारीच आहे. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, म्हणून नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडे कमी. जमिनीचा गुंठा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित जास्त, आणि सातबाऱ्यावर लिहितात तो आर बरोबर १०० चौरस मीटरांचा. बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. एका-दोन गुंठ्यांत त्याने काही बिघडत नाही, पण शेतीच्या वाटण्या होतात तेव्हा बिघडते.

सर्वांत जपायचे ते सोन्याच्या तोळ्याला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफी पेढीवर 'तोळा' म्हटले की बहुधा १० ग्रॅम समजतात. त्यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही, तशी रूढीच पडली आहे. परंतु आपल्या आजीच्या हातची जुनी यादी असेल आणि तीत 'पाटल्या ५ तोळे' असे लिहिलेले असेल, तर ते सोने ५० ग्रॅम नसून ५८ ग्रॅमांहून थोडे अधिक असायला हवे. आमच्या नात्यातल्या एका बाईंच्या पाटल्या मोडीत घालायच्या होत्या. यादीत पाच तोळे, आणि पेढीवरच्या माणसाने 'पाच तोळे म्हणजे पन्नास' असे म्हणून भाव सांगायला सुरुवात केली. बाईंनी 'आधी काट्यावर ठेवा' म्हणून आग्रह धरला. काटा ५७ ग्रॅमवर गेला. ग्रॅमभर सोने वर्षानुवर्षे घालून झिजले असेल. सात ग्रॅम सोने म्हणजे आज किती रुपये, ते प्रत्येकीने आपल्याशी करून पाहावे. स्त्रीधन हे बाईच्या हक्काचे असते, तेव्हा त्याचे वजन तरी तिला स्वतःला काढता यावे.

आता मुलांकडे वळते. मुले चुकतात कोठे? ३ किलो ४५ ग्रॅम म्हणजे किती ग्रॅम, असे विचारले की निम्मी मुले ३४५ लिहितात. उत्तर ३०४५ आहे. शंभराच्या घरातले शून्य त्यांना दिसतच नाही. १९५७ साली मोठ्या माणसांचीही हीच फसगत होत असे, असे सासूबाई सांगतात. पूर्वी रुपये, आणे, पै हे आडव्या रेघा देऊन लिहीत, ३-५-० असे. मग टिंब आले, आणि तीन रुपये पाच पैसे कोणी ३.५ असे लिहू लागले. ते तर साडेतीन रुपये झाले! ३.०५ लिहायला शाळेत गुरुजींनी छडी घेऊन शिकवले.

मी मुलांना चार घरे आखून देते: किलोग्रॅम, हेक्टोग्रॅम, डेकाग्रॅम, ग्रॅम. मधली दोन मापे बाजारात कोणी विचारत नाही, पण त्यांची घरे रिकामी ठेवली की शून्याला बसायला जागा होते. ३, ०, ४, ५ असे एकेका घरात आकडे मांडले की चूक होत नाही. ही घरे म्हणजे हजार, शतक, दशक, एकक हीच; भास्कराचार्यांच्या वेळची. मीटर आणि लिटर यांनाही तीच घरे चालतात. मोठ्या मापांची नावे, किलो वगैरे, ग्रीक भाषेतली आणि लहान मापांची, डेसि, सेंटि, मिलि, ही लॅटिनमधली. हे सांगितले की मुलांना पाठ करणे सोपे जाते.

गुणायचे की भागायचे, हा दुसरा घोटाळा. त्यासाठी मी नियम सांगत नाही. वाटीने पाणी भरले तर पुष्कळ वेळा ओतावे लागते, बादलीने एकदाच. माप लहान, तर आकडा मोठा. उत्तर लिहिण्यापूर्वी आकडा वाढणार की घटणार, तेवढे तोंडाने सांगायचे, मग पेन्सिल उचलायची. आणि पावकी-निमकी मी अजून म्हणवून घेते. पावकिलो २५०, अर्धा ५००, पाऊण ७५०, सव्वा १२५०, हे ज्याला झोपेतून उठवून विचारले तरी येते, त्याला दशांश अपूर्णांकाचे भय वाटत नाही. शाळांतून हे पाढे गेले ते मला बरे वाटत नाही.

चौरस मापाला मात्र डोके चालवावे लागते. एका मीटरचे १०० सेंटिमीटर, मग एका चौरस मीटरचे चौरस सेंटिमीटर किती? सारी मुले एकमुखाने शंभर म्हणतात. मग गॅलरीत खडूने एक मीटर लांबरुंद चौकट काढायची. दहा-दहा सेंटिमीटरवर रेघा मारल्या की रांगोळीच्या कागदासारखी शंभर घरे होतात. त्यातल्या एकाच घरात सेंटिमीटरची घरे पाडायला सांगितली की तीही शंभर. शंभर वेळा शंभर, दहा हजार. एकदा गुडघे दुखवून घेतलेले मूल पुन्हा ते विसरत नाही.

लिटर आणि किलो एकच, हा गैरसमज मुलांत काय, मोठ्यांतही आहे. पाण्यापुरते ते खरे. दहा सेंटिमीटर लांब, रुंद व उंच अशा डब्यात एक लिटर पाणी मावते आणि त्याचे वजन एक किलो भरते. तेलाचे तसे नाही. एक लिटर खाद्यतेलाच्या पिशवीवर पाहावे, वजन ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेले असते. एक दुकान किलोचा भाव लावते, दुसरे लिटरचा, आणि आपण नुसते रुपये पाहून स्वस्त-महाग ठरवतो.

हाच घोटाळा एकदा आकाशात झाला. कॅनडा देशात मापे बदलण्याचे काम चालू असताना, २३ जुलै १९८३ रोजी, एअर कॅनडाच्या एका नव्या विमानात इंधन भरायचे होते. इंधन लिटरने भरले जाते, पण विमानाला ते किलोने किती हे कळावे लागते. लिटरचे वजन करताना किलोच्या ऐवजी पौंडांचा जुना आकडा वापरला गेला. पौंड किलोच्या निम्म्याहूनही लहान, तेव्हा लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि उंच आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने विमान तसेच तरंगत आणून गिम्ली गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. आतली ६९ माणसे वाचली. मुलांना ही हकीकत सांगितली की 'एकक लिहिले नाही तर काय होते' असे कोणी विचारत नाही.

आमच्या घरी जुन्या मापांतले एक पितळी चिपटे अजून आहे. मागच्या महिन्यात वर्गातल्या मुलांनी ते औषधाच्या मापाने पाणी ओतून मोजले, तेव्हा २३५ मिलिलिटर भरले. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे सासूबाईंनी सांगितले. सोळा वेळा २३५ म्हणजे ३७६०. तेव्हा आमच्या घरची पायली ३ लिटर ७६० मिलिलिटरांची. एका मुलाने ते ३.७६ असे लिहिले. दुसरा म्हणाला, शेवटचे शून्य का लिहिले नाही? त्यावर दोघांचा बराच वाद झाला, आणि तो दोघांनी आपसातच मिटवला.